ताईच्या गोधडीचे टाके

मायने अर्धी शिवून ठेवलेल्या गोधडीचे सगळे टाके मी एका रविवारी सकाळी कापून टाकले.

चुकून एखादा तुटला असं नाही. सगळे. चष्मा लावून, गॅलरीत उजेडाला बसून, एकेक दोरा चिमटीत धरून, कटरने मुळापासून. पाऊण तास लागला. मध्ये बायकोने चहा आणून दिला, तोही मी डाव्या हाताने प्यालो, उजव्या हाताचं काम थांबायला नको म्हणून. इतकं मन लावून मी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

आता हे असं कुणी का करेल, ते सांगायला हवं. मी सुरतजवळ सचिन गावच्या एका साड्यांच्या युनिटात माल तपासायला असतो. टेबलावरून साडी पुढे सरकते, मी डाग बघतो, विणीतली चूक बघतो आणि लोंबता दोरा दिसला की कापतो. त्याच्याही आधीपासून, म्हणजे आम्ही खानदेशातून उठून सुरतेतल्या डिंडोलीत राहायला आलो तेव्हापासून, घरात धागा कटिंगचंच काम. साडीच्या उलट्या बाजूला जरीचे मोकळे दोरे लोंबत असतात, ते कापून द्यायचे. व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठा टाकून जायचा आणि माय, ताई, मी असे तिघं भिंतीला टेकून कापत बसायचो. त्यामुळे हाताला अशी खोड लागली आहे की लोंबता दोरा बघवत नाही. कटर खिशात असतोच. एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या कोटाचा दोरा दिसला, मी बोलता बोलता कापला आणि त्यांचं बटण सरळ वरणात पडलं. तेव्हापासून ते माझ्यापासून दोन पानं सोडून बसतात.

पण बटण वेगळं आणि ही गोधडी वेगळी.

माय थंडीत गेली. आजारी अशी नव्हती. दुपारी जेवली, पडली, आणि उठलीच नाही. ताईला दोंडाईच्याकडे दिलेली. तिला फोन केला, ती मिळेल त्या गाडीने निघाली. ती पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परत येऊन आंघोळी करत होतो. गाडीला उशीर झाला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण थांबता आलं असतं. उन्हं उतरायच्या आत आटपून घेऊ, हे मीच म्हणालो होतो.

त्याच्या आदल्या रविवारी मायचं आणि ताईचं फोनवर बोलणं झालं होतं. ते मी शेजारी बसून ऐकलं होतं. माय म्हणाली, "तुन्ही गोधडी अर्धी व्हयनी. आखाजीले ये, लई जाय." आखाजीला ये आणि घेऊन जा, तिचं लेकीशी तेवढंच शेवटचं बोलणं. माझ्या दोन्ही पोरांना तिने आधीच एकेक गोधडी शिवून दिली होती. ताईचीच राहिली होती, कारण ताईच दर वेळी म्हणायची, आधी भाऊच्या लेकरांना दे, माझी काय घाई आहे.

आम्हा खानदेशी लोकांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. दिवाळीला एखादी नाही आली तर कुणी बोलत नाही, पण आखाजीला लेक माहेरी येते म्हणजे येतेच. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. या वर्षी मायच्या नावाची पहिली घागर होती. ताई येणार होती ती घागरीसाठी आणि गोधडीसाठी. म्हणून माझ्या मनात आलं, तिच्या हातात पुरी झालेली गोधडी द्यावी. आपल्या हाताने करून.

हे मनात येणं काही एकाएकी नव्हतं. मोबाइलवर घरच्या घरी करायच्या वस्तूंचे व्हिडिओ मी फार बघतो. जुन्या जीन्सची पिशवी, साडीचे अभ्रे, शर्टाचा एप्रन. त्यातली बाई दोन मिनिटांत सगळं करते आणि शेवटी हसते. मला दोन मिनिटं बघून झाली की ते येतं असं वाटतं.

कपाटातून गोधडी काढली आणि गॅलरीत पसरली. वर मायचं गर्द हिरवं सुती लुगडं. त्याच्यावर बोटभर लांबीचे, वाकडेतिकडे, सैल टाके, गाठी लोंबतायत. मी मनात म्हटलं, बिचारीची नजर गेली होती. हे काढून टाकू आणि एकसारखं शिवू. एका कडेला बारीक टाक्यांच्या काही ओळी होत्या, त्या बऱ्या होत्या. पण मग नवं आणि जुनं वेगळं दिसेल, म्हणून त्याही काढल्या. शेवटच्या ओळीच्या टोकाला सुई टोचलेली होती, दोरा ओवलेला, जणू बाई पाणी प्यायला उठली आहे. ती उपसून मी भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचली. दोऱ्यांचा गोळा करून कचऱ्याच्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि घेऊन गेली.

पण ते नंतरचं. त्या रविवारी काम झालं म्हणून गोधडी झटकायला उचलली, तर हातात फक्त लुगडं आलं. बाकीचे थर फरशीवर घसरून इकडे तिकडे पडले.

बायको धावत आली. "हे काय केलं तुम्ही?"

"साफ केली."

"काय साफ केली? कच्चे टाके होते ते! थर हलू नयेत म्हणून आधी तसेच मोठे घालतात. मग त्याच्यावर बारीक शिवत जातात."

"मग बारीक कुठे होते?"

"तुमच्या त्या पिशवीत," ती म्हणाली आणि खाली बसली. 

मी एकेक थर गोळा करायला लागलो. बापाचं धोतर होतं, पातळ झालेलं, पण पांढरं. ताईचा शाळेतला निळा परकर होता, शिवण उसवून सपाट केलेला. आणि त्यांच्यामध्ये दोन कापडं अशी होती की ती बघून मी उकिडवा बसलो होतो तो तसाच राहिलो.

एक माझा कुर्ता. मी स्वतः शिवलेला. वर्तमानपत्रावर नक्षा काढून, मापं घेऊन, बाह्या जोडून मी तो मायला घालून दाखवायला गेलो, तेव्हा कळलं की डोकं घालायला जागाच ठेवलेली नाही. दुसरा माझा पडदा. युनिटातून आणलेल्या सिंथेटिक कापडाचा, आणि मधोमध इस्त्रीच्या आकाराचं भोक. साड्यांत जन्म गेलेल्या माणसाला सिंथेटिकवर किती गरम इस्त्री चालते हे ठाऊक नसावं, यावर त्या दिवशी सगळी चाळ हसली होती. दोन्हींचं काय केलं, म्हणून मी नंतर विचारलं होतं, तर माय म्हणाली होती, भांडीवालीला दिलं, एक चमचाही आला नाही त्याच्यावर.

दिलं नव्हतं. धुतलं होतं, उसवलं होतं, भोकाच्या कडा कातरून आत दुमडल्या होत्या. ते घसरणारं कापड दोन सुती थरांच्या मध्ये घातलं होतं, म्हणजे सरकणार नाही. माझा मूर्खपणाही तिने ताईच्या गोधडीत उबेला लावला होता. आणि कोणतं कापड कुणाच्या वर, कोणतं खाली, ते फक्त तिला माहीत होतं.

"ताईंना फोन करा आणि सांगा," बायको म्हणाली.

"सांगतो," मी म्हणालो. सांगितलं नाही. त्याऐवजी अजून एक केलं. साडीवर टिकल्या चिकटवायचा गोंद घरात पडलेला होता. थर अंदाजाने एकावर एक ठेवले आणि एका कोपऱ्याला तो लावून बघितला. कोपरा वाळून पापडासारखा कडक झाला. मग मला वाटलं, सगळंच धुऊन इस्त्री करावी आणि नव्याने मांडावं. बादलीत भिजवणार, तर नळाला पाणी नव्हतं. पाइपलाइनचं काहीतरी काम होतं, म्हणून सगळं तसंच घडी करून ठेवलं. सुरतेत मी कितीतरी वेळा पाण्याच्या नावाने बोटं मोडली असतील. त्या दिवशी ते आलं नाही, याचे उपकार मला नंतर कळले.

ताई आखाजीच्या आदल्या दिवशी आली. मी उधना स्टेशनवरून तिला रिक्षाने घेऊन आलो. वाटेत ती पिकांचं, नातवाचं, गाडीतल्या गर्दीचं बोलत होती. घरात शिरली, पाणी प्यायली, मायच्या फोटोसमोर जरा उभी राहिली आणि वळून म्हणाली, "कोठे शे?"

"आधी जेव ना."

"कोठे शे, भाऊ?"

मी घडी आणून दिली. कडक कोपरा आत दुमडला होता. तिने मांडीवर घेतली, वरून हात फिरवला. मग तो हात थांबला. घडी उलगडली, तर थर वेगळे झाले. कोपरा हाताला लागला तसा तिने तो वाकवून बघितला. कड् असा आवाज झाला.

"टाका कोनी काढात?"

"मी."

"दोरा कोठे शे?"

"कचऱ्याच्या गाडीत गेला."

मला वाटलं ती ओरडेल. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हा तिने मला सगळ्या गल्लीतून पळवलं होतं. तिने फक्त माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाली, "त्या दिनले बी तुले घाईच व्हती."

बायको आत भांडी घासायला लागली, घासलेलीच.

आखाजीला घागर भरली. ताईने सांजोऱ्या केल्या, रस काढला, मायच्या नावाने पान वाढलं. दिवसभर तिचं माझ्याशी बोलणं बायकोच्या मार्फत चाललं होतं. मी समोर बसलेलो असताना ती म्हणायची, "त्याले इचार, रस पाहिजे का." मीही बायकोला म्हणायचो, "अर्धी वाटी." बायकोने ते काही पुढे पोचवलं नाही, आम्हाला ऐकू येतच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडलो होतो. गॅलरीतून ताईचा आवाज आला. "भाऊ, आठे ये."

माझं नाव घेऊन नव्हे, पण मला म्हणून मारलेली ती दोन दिवसांतली पहिली हाक. मी गेलो. तिने हिरवं लुगडं दोरीवर उन्हासमोर टांगलं होतं आणि त्याच्या मागे उभी होती. मला फक्त तिचे पाय दिसत होते.

"इकडून बघ," ती म्हणाली.

मी तिच्या बाजूला गेलो. उन्हाच्या उजेडात कापडाला बारीक बारीक भोकं दिसत होती. ओळीने. जाड सुई आणि जाड दोरा जिथून गेला होता तिथे जुन्या, झिजलेल्या सुताने वाट मोकळीच ठेवली होती. बारीक ओळी, लांब टाके, सगळं होतं. दोरा तेवढा नव्हता. ताईने बापाचं धोतर त्याच्याशेजारी धरलं, मग परकर, मग माझा कुर्ता. प्रत्येकात त्याच ओळी. कुठली भोकं कुठल्या भोकांवर बसतात ते बघत बघत ती एकेक कापड पुढे मागे करत होती. सिंथेटिकवर भोकं ठळक होती. माझा पडदा कुठे जातो ते सगळ्यात आधी कळलं.

"धुतलं असतं तर बुजली असती," ती म्हणाली.

नळाचं मी तिला सांगितलं नाही.

एका जागी बारीक ओळ थांबत होती. त्याच्यापुढे कापड कोरं होतं. ताईने तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होता, त्याचा आवाज येत राहिला.

"आठे थांबनी ती," ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि बायकोला फरशी पुसायला सांगितली. "मी सोमवारी जानार व्हतू, आते पुरी व्हई तव्हय जासू."

आम्ही फरशीवर थर मांडले. म्हणजे तिने मांडले, मी हातात देत गेलो. हे दे म्हटलं की हे, ते दे म्हटलं की ते. दोन वेळा चुकीचं दिलं. तिने भोकं जुळवली, सुरकुत्या काढल्या, चारी बाजूंनी ताणून घेतलं. बायकोने कॅलेंडरवरची सुई आणून दिली. ताण सुटू नये म्हणून एका कोपऱ्यावर पाटा ठेवला, दुसऱ्यावर गव्हाचा डबा, तिसऱ्यावर पाण्याचा हंडा. चौथा कोपरा माझा, गोंदाचा. तो खाली बसेना. दाबला की पुन्हा वर उठायचा. मी म्हणालो, थांब, याला थोडी इस्त्री फिरवून बघतो.

ताईने सुईत दोरा ओवला, टोकाला गाठ मारली आणि वर न बघता म्हणाली, "काही फिरवू नको. तूच बठ त्यावर. डोकं नही शे तुन्हामा, पन वजन ते शे."