दहा शेरांचा ट्राउट

औरंगाबादला जायला पिशोर सोडलं त्या सकाळी अण्णांनी मला एकच उपदेश केला. माय उंबऱ्यातच मागं राहिली होती, बैलगाडी कन्नडच्या वाटेला लागली होती आणि अण्णा कासरा हातात धरून, माझ्याकडं न बघता, जणू बैलांनाच सांगताहेत असे म्हणाले, "रंगनाथ, शहरात लई बोलू नको. गप बसलेला माणूस शिकलेला दिसतो."

मी हे इतकं मनावर घेतलं की कन्नडला मोटारीच्या दारात उभ्या असलेल्या कंडक्टरनं "चाळीसगाव?" असं विचारल्यावर नुसती मान हलवली. शिकलेल्या माणसासारखी. वेरूळ लागलं की अर्धी वाट सरली समज, असं अण्णांनी सांगून ठेवलं होतं. मी वेरूळची वाट बघत बसलो आणि लागला घाट. घाट उतरल्यावर खानदेश. घर सोडून पहिल्याच दिवशी मी निजामाची जुनी हद्द ओलांडली होती, तीही चुकीच्या दिशेनं. दुसऱ्या दिवशी उलट्या मोटारीनं कन्नडवरूनच औरंगाबादला गेलो. कन्नड आल्यावर डोकं गुडघ्यात घातलं होतं, न जाणो ओळखीचं कुणी बघायचं!

पिशोरात राहिलेल्या आणि माझ्यासारखं पिशोर सोडून पांगलेल्या मंडळींनो, तुम्ही मला 'औरंगाबादला जाऊन सुधारलेला' म्हणून ओळखता. आता वय झालं, खरं सांगून टाकतो. मला सुधारलं ते इंग्रजांच्या मासे धरण्यानं. हसू नका. निदान एवढ्यात हसू नका.

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमचं शिक्षण सगळं उर्दूतून. राज्य बदललं, कचेऱ्यांत इंग्रजीचा भाव वधारला आणि काल हुशार असलेली आम्ही पोरं आज अडाणी ठरलो. तेवढ्यात आमच्या मास्तरांनी एक चिठ्ठी दिली. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत नानासाहेब म्हणून एक इंजिनिअर होते. निजामाच्या पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला, आता निवृत्त, आणि डोळ्यांनी जवळजवळ अधू. रोज संध्याकाळी दोन तास इंग्रजी वाचून दाखवणारा मुलगा त्यांना हवा होता. बदल्यात राहायला खोली आणि दोन्ही वेळचं जेवण.

"इंग्रजी येतं?" नानासाहेबांनी विचारलं.

"येतं," मी म्हणालो. अक्षरं येत होतीच. अर्थ येत नव्हता, पण त्याबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं.

ओसरीवरचं कपाट उघडून पहिलं पुस्तक काढलं. वाटलं, धरणांचं असेल. निघालं मासे धरण्याचं. दुसरं काढलं, तेही तसलंच. अख्खं कपाट माशांचं! छावणीतला कुणी इंग्रज अंमलदार फार वर्षांपूर्वी विलायतेला परत जाताना ते नानासाहेबांना देऊन गेला होता. आणि नानासाहेब तर पक्के देशस्थ ब्राह्मण. त्यांनी मासा कधी चाखला नव्हता, गळ कधी हातात धरला नव्हता. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, ते कपाट देवघरापासून लांब हलवायला लावलं होतं. "पुस्तकातले असले तरी मासेच ते," असं त्यांचं म्हणणं.

पहिले सहा महिने मी निव्वळ पोपटपंची केली. नानासाहेब मध्येच थांबवून अर्थ सांगायचे, आणि हळूहळू ही भानगड काय आहे ते माझ्या ध्यानात यायला लागलं. चांगला खातापिता माणूस पहाटे उठतो. कोंबड्याचं पीस रेशमाच्या दोऱ्यानं गळाला बांधून खोटी माशी करतो. कमरेइतक्या थंड पाण्यात उभा राहतो, लांब काठीनं दोर फेकतो आणि ती माशी पाण्यावर अलगद टेकवतो. मासा बघतो, विचार करतो आणि निघून जातो. असं दिवसभर. मग हा भिजलेला गृहस्थ घरी येतो आणि त्यावर वीस पानं लिहितो. पिशोरात असं कुणी केलं असतं तर घरच्यांनी त्याला देवऋष्याकडं नेलं असतं.

"नानासाहेब," मी एकदा न राहवून म्हणालो, "आम्ही नदीत नुसत्या पंच्यानं मासे धरतो. ह्यानं गांडूळ लावलं तरी पाच मिनिटांत काम होईल."

"होईल ना, बरखुरदार," ते म्हणाले. "मग पुस्तक कशाचं लिहायचं?"

तरी त्या पुस्तकांनी मला धरलंच. मे महिन्यात गुलमंडीचे दगड तव्यासारखे तापायचे, आणि ओसरीवर आम्ही दोघं धुक्यातल्या नदीकाठी बसलेले. गोटे शेवाळलेले, वर झुकलेली झाडं, पाण्यात एक सावली हलली की हलली नाही अशी. नानासाहेबांनी आयुष्यभर पाणी मोजलं होतं. ते म्हणायचे, मी पाण्याकडं नुसतं बघायला ह्या लोकांकडून शिकलो. एकदा त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "गार पडले."

आता माझं पाप सांगतो.

औरंगाबादेत आल्यावर चार महिन्यांनी मी एका कचेरीत कारकुनीच्या परीक्षेला बसलो आणि इंग्रजीत साफ आपटलो. घरी काय लिहायचं? शेतातलं माझ्या वाटचं कामही अण्णा, एक बैल कमी पडल्यासारखे, स्वतःच ओढत होते. मी पत्र लिहिलं, 'नोकरी लागली.' वाटलं, पुढच्या खेपेला लागेलच, तोवर जरा आगाऊ कळवलं तर काय बिघडलं? बिघडलं असं की अण्णांनी पिशोरच्या बाजारात दुकानोदुकानी बत्ताशे वाटले. ते उलटटपाली कळल्यावर माझी गावाकडं जायची वाटच बंद झाली. दिवाळीला लिहिलं, रजा नाही. संक्रांतीला लिहिलं, कामाचा बोजा. नसलेल्या नोकरीत मी इतका राबत होतो की मायनं निरोप धाडला, प्रकृतीला जप.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली. पुन्हा नापास. निकाल कळला त्याच संध्याकाळी वाचनात एक लांबलचक निबंध निघाला. एका जुन्या पुलाखाली एक मोठा ट्राउट, म्हणजे विलायतेतल्या नद्यांतला मासा, राहतो आणि लेखक तीन उन्हाळे त्याच्या मागं आहे. पहिल्या वर्षी मासा ढुंकून बघत नाही. दुसऱ्या वर्षी बघतो. तिसऱ्या वर्षी गळाला लागतो! मी शेवटचं पान उलटलं, नजर खाली धावली, आणि दिसलं की दोर तुटणार आहे.

त्या दिवशी मला आणखी कुणाची हार सोसवेना. मी ठरवलं, हा मासा धरायचाच. पुस्तकातलं इंग्रजी बाजूला ठेवून मी माझं चालू केलं. "देन ही कॅच द फिश. व्हेरी बिग फिश. एव्हरीबडी हॅपी."

नानासाहेबांनी मान माझ्याकडं वळवली.

"किती मोठा?" नानासाहेबांनी विचारलं.

"दहा शेर."

"दहा शेर! अरे, ट्राउट आहे का रेडकू?"

आतून काकू ओरडल्या, "काय धरलंत ते बाहेरच ठेवा हो, मी सोवळ्यात आहे!"

नानासाहेब हसले नाहीत. म्हणाले, "वीस वर्षं झाली, हा मासा माझ्या ओसरीवर दर वेळी सुटतोय. तू एका संध्याकाळी मारलास. सोड त्याला. परत पाण्यात सोड."

आता खोली गेली, जेवण गेलं, असं वाटलं. मी शेवटचं पान जसं होतं तसं वाचलं. दोर तुटतो. लेखक काठावर बसतो, बुटांतलं पाणी उपसतो आणि स्वतःलाच हसतो. मग घरी जाऊन बायकोला सगळं सांगतो.

"धरलेला मासा त्यानं एकट्यानं खाल्ला असता," नानासाहेब म्हणाले. "सुटला म्हणून तर तुझ्यामाझ्यापर्यंत आला. ही माणसं मला का आवडतात? हरून येतात आणि दारातच सांगतात."

मला रडू फुटलं. नोकरीचं, पत्राचं, बत्ताशांचं सगळं ओकून टाकलं. नानासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या गावी जा. खोली कुठं पळून जात नाही." पहाटे काकूंनी दशम्या बांधून दिल्या. ह्या खेपेला मोटार कुठं जाते ते मी चार जणांना विचारून चढलो.

अण्णा गोठ्यात होते. मी चप्पलही न काढता म्हणालो, "अण्णा, मला नोकरी नाय. कधीच नव्हती. दोनदा नापास झालो."

त्यांनी वैरण टाकायची ती टाकली. मग विचारलं, "मंग तिथं करतोस काय?"

"मासे धरायची पुस्तकं वाचतो."

जगात ह्याहून वाईट उत्तर दुसरं नसेल. अण्णांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "किती धरलेस?"

"एक बी नाय. पुस्तकातल्या माणसाला बी नाय घावला." आणि मग मी ती पुलाखालच्या माशाची गोष्ट सांगितली, तीन उन्हाळ्यांसकट. माय दारात येऊन उभी राहिली. अण्णा दावणीवर टेकले.

"आन् नाय घावला, हे त्यो स्वतःच लिहितो?"

"व्हय."

"छापून?"

"व्हय."

अण्णा दावणीवरून उठले. मग म्हणाले, "लई मोठा माणूस. आन् तू, रंग्या, साध्या कार्डावर खोटं लिवलंस."

एवढंच. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं. जिथं जिथं बत्ताशे दिले होते त्या प्रत्येक दुकानापुढं उभे राहून ते मोठ्यानं म्हणाले, "पोराला नोकरी नाय. नापास झाला. शिकतोय अजून. बत्ताशे खाल्ले ते खाल्ले, लागली की दुसऱ्यांदा वाटणार नाय!" लोक हसले. कुणी म्हणालं, "अण्णा, आगाऊ दिले म्हणा की!" अण्णाही हसले. तिसऱ्या दुकानापर्यंत मी मान खाली घातली होती. चौथ्या दुकानात मीच सांगून टाकलं.

मी औरंगाबादला परतल्यावर नानासाहेबांनी नियम केला. वाक्य वाचायचं, अर्थ सांगायचा आणि येत नसेल तर 'येत नाही' म्हणायचं. वर्षभर मी दिवसाला पन्नास वेळा 'येत नाही' म्हटलं. त्यातूनच इंग्रजी आलं, तिसऱ्या खेपेला नोकरी लागली, आणि अण्णांनी शब्द पाळला, बत्ताशे वाटले नाहीत.

नानासाहेब गेले तेव्हा काकूंनी कपाट माझ्या घरी धाडलं. सोबत निरोप होता, "रोज थोडं वाचत जा. फार दिवस पाण्याबाहेर ठेवू नकोस त्यांना." मी आजवर ट्राउट पाहिलेला नाही. पण ज्या ओसरीनं मला ठेवून घेतलं आणि ज्या गोठ्यानं मला परत घेतलं, त्या दोन्हींचं ऋण त्या माशामुळं कळलं.

आता माझं घर इथंच औरंगाबादेत आहे, आणि गावाकडची पोरं शिकायला, परीक्षेला इथंच उतरतात. माझ्या पुतण्याची मुलगी मागच्या महिन्यात एका बँकेच्या मुलाखतीला गेली होती. दुपारी मी खिडकीत बसलो होतो, ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. चालीवरून कळलं, काम झालेलं नाही. मी बघत होतो, आता फाटकाशी थांबेल, डोळे पुसेल, चेहरा नीट करेल.

थांबली नाही. होता तसा चेहरा घेऊन आत आली, पिशवी खुर्चीवर टाकली आणि म्हणाली, "आबा, लई घाण झाली. ऐका, सांगते."