भोकवाले शिंपले

“टीचर, समुद्रातले सगळे शिंपले गोगलगायीनं खाल्ले!” सानिकाने डबा माझ्या टेबलावर उपडा केला. स्टाफरूमभर खाडीचा वास सुटला.

मी पनवेलच्या एका शाळेत सायन्स शिकवते. सानिका सातवीतली, गव्हाणची. उरणला आत्याकडे गेली की शिंपले जमवायची. त्यांचाच प्रोजेक्ट करायचा, असा तिचा हट्ट. पण तालुक्याच्या प्रदर्शनाला शाळेतून एकच प्रोजेक्ट जाणार होता. हेडमिस्ट्रेस मॅडमनी बजावलं होतं, “नुसता ढीग मांडलात तर पाठवणार नाही. रिसर्च दाखवा.”

रिसर्चला आधी प्रश्न लागतो. तो तिच्याकडे होता. शिंपल्याला इतकं गोल भोक कोण पाडतं? आम्ही वाचून शोधलं. एक समुद्री गोगलगाय भोक पाडून आतला जीव फस्त करते. मग असे बळी किती? सानिकाने डबा तपासला, तर प्रत्येक शिंपल्याला भोक!

दुसऱ्या दिवशी तिचा पार्टनर अरमान पिशवी घेऊन हजर. “टीचर, अम्मीने काल शिवल्यांचं कालवण केलं. हे त्यांचे शिंपले. एकालाही होल नाही!”

“खोटारडा!”

“तूच खोटारडी!”

दोघं हमरीतुमरीवर आली. मला हसू आवरेना.

“सानिका, तू भोकवालेच का उचललेस?”

“माळ ओवायला बरे पडतात ना!”

“आणि अरमान, अम्मी शिवल्या जिवंत घेते की मेलेल्या?”

“जिवंतच. मेलेल्या कोण खाणार?” बोलता बोलता तो थांबला. “अरे! म्हणजे गोगलगायीने खाल्लेली शिवली आमच्या घरी येणारच नाही!”

रविवारी आम्ही उरणचा किनारा गाठला. न बघता, हाताला लागेल तो शिंपला उचलायचा. याला आम्ही रँडम सॅम्पल म्हणतो. शाळेचे टाय डोळ्यांना बांधून दोघं वाळूत रांगत सुटली. अरमानने माझी चप्पलसुद्धा पिशवीत टाकली. आत्या हसून हसून खाली बसली. मला तर इतकं उधाण आलं की मीही ओढणी डोळ्यांना बांधून रांगू लागले.

पिशवीत थोडे शिंपले भोकाचे निघाले, बरेचसे धड.

निवडीच्या दिवशी मॅडमना सानिकाच्या गळ्यातली माळ दिसली. “अगं, इतकी सुंदर माळ! ती मांड की समोर.”

सानिकाने माळ मुठीत धरली.

“नाय मॅडम. ही मी निवडलेली हाय. हिच्यातून फक्त माझी आवड कळते. समुद्राचं त्या पिशवीला विचारा.”

मॅडम खळखळून हसल्या आणि प्रोजेक्ट तालुक्याला गेला.

हल्ली स्टाफरूममध्ये कोणी “सगळे असंच म्हणतात” म्हणालं, की मी विचारते, सगळे म्हणजे कोण? तुम्ही माळेसाठी उचललेले का?