बावीस हजार कड्या

माझी मुलगी चिलखतं विणते. कोणी विचारलं की मी नुसतं "हस्तकलेचं काहीतरी करते" असं सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात. घरात तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी बाहुल्या सोडून खिळे, स्क्रू, वॉशर असलं काहीबाही उचलून आणायची आणि पलंगाखाली साठवायची. आता तिशीला टेकली तरी तेच चाललंय. फक्त पलंगाखालची जागा पुरेना, म्हणून बाईसाहेबांनी गॅलरी बळकावली.

लोखंडी तार सळईभोवती गुंडाळायची, कापून कड्या करायच्या, प्रत्येक कडीची टोकं ठोकून चपटी करायची आणि त्यांना बारीक भोक पाडायचं. मग एक कडी चार कड्यांत ओवायची, भोकात मोहरीएवढं रिव्हेट, म्हणजे जोडायची बारीक खिळी, घालायचं आणि पकडीने दाबून टाकायचं. एका अंगरख्याला अशा बावीस हजार कड्या लागतात. नकाशे काढायची चांगली पक्की नोकरी सोडून ती हे करायला लागली, तेव्हा तिचे बाबा म्हणाले, "शत्रू कधी येणार आहे, तेवढं विचार तिला." स्वतःच हसले, आणि मग दोन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाहीत.

जुन्या काळच्या लढाया हुबेहूब करून दाखवणाऱ्या हौशी मंडळींची वर्षातून एकदा जत्रा भरते. यंदा तिथे मुंगीचा अंगरखा पहिल्यांदा लढाईत उतरणार होता. तो टिकला तर पथकातल्या सगळ्यांसाठी, म्हणजे आणखी बारा अंगरखे तिच्याकडूनच घ्यायचे, असं पथकप्रमुखांनी कबूल केलं होतं. सगळे त्यांना सेनापती म्हणतात. एरवी ते शाळेत भूगोल शिकवतात. मुंगीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, नाही जमलं तर सोमवारी जुन्या ऑफिसला फोन करते. पुन्हा हा विषय नाही."

शनिवार तंबू ठोकण्यात आणि सामान लावण्यात गेला. रविवारी सकाळपासून गर्दी. मुंगी त्या काळचा जाडाभरडा झगा घालून कड्या ओवत बसली होती आणि मी लोकांची पोरं पकडीपासून लांब ठेवत होते. जेवणाच्या सुमारास पथकातला दातांचा डॉक्टर येऊन अंगरखा घेऊन गेला. "काकू, आज माझा एकही दात पडणार नाही, बघा," म्हणाला.

तो गेल्यावर एका बाईंनी टेबलावरचा अर्धवट खांद्याचा तुकडा उचलला. "हे लाल दोरे शोभेसाठी का?"

"नाही हो, ती माझी खूण आहे," मुंगी म्हणाली. "इथल्या कड्या ओवून झाल्यात, पण रिव्हेट राहिलंय. दोरा बांधला नाही तर नुसत्या डोळ्यांना कळतच नाही. दोरा नाही, म्हणजे काम पुरं."

मला चार दिवसांपूर्वीचं आठवलं.

बुधवारी मुंगी तापाने फणफणली होती. तेवढीच मदत म्हणून मी अंगरखा तेलाच्या फडक्याने पुसून काढला. जागोजागी लाल दोऱ्याचे तुकडे अडकलेले दिसले. कुठल्या कपड्याचे निघाले असतील, म्हणून कात्रीने कापून केरात टाकले. गुरुवारी ती उठली आणि म्हणाली, "आई, काय लखलखीत केलंस गं!" मी खूश.

"मुंगे, डॉक्टरने नेला त्या अंगरख्यालाही दोरे होते का गं?" मी विचारलं.

"होते की. ताप चढायच्या आधी मीच संपवलं असणार. मला त्या दिवसाचं काही आठवतच नाही..." तिने माझ्याकडे पाहिलं. "आई?"

"मी काढले."

तिने पकड खाली टाकली आणि ती पळत सुटली. तंबू, सामान, त्या बाई, सगळं तिथेच टाकून मी मागे. भाल्यांची टोकं बोथट असतात हे मला माहीत होतं. पण अंगरख्याखाली घालतात त्या बंडीला काखेत गादी नसते, आणि घाव बसून कडी उघडली तर ती तारेच्या आकड्यासारखी मांसात शिरते, हेही मुंगीनेच मला सांगितलं होतं.

मैदानाला दोर बांधला होता. मुंगी वाकून आत शिरली. मला पोरसवदा दिसणाऱ्या एका रखवालदाराने अडवलं, "बाई, त्या काळच्या कपड्यांशिवाय आत नाही." मी त्याच्या हाताखालून गेले. कर्ण्यावरून आवाज आला, "आणि पाहा मंडळी, एका वीराची माता त्याला अडवायला निघाली आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काकू, तुम्ही कोणाच्या बाजूने?" डॉक्टर हसला.

"हात वर कर," मुंगी म्हणाली.

"अगं, गुदगुल्या होतात..."

तिच्या नखाने काखेतली एक कडी अलगद उघडली. मग शेजारची. मग तिच्या खालची. डॉक्टर हसायचा थांबला.

सेनापती आले. "काय झालं?"

मी तोंड उघडलं, तर मुंगीने माझं मनगट घट्ट दाबलं. "रिव्हेटं राहिलीत, सर. हे घालून त्याला उतरवू नका."

"दहा मिनिटांची तर लढाई आहे."

"नको, सर. काम कच्चं आहे."

मला राहवलं नाही. "चूक माझी आहे हो. तिने खुणा केल्या होत्या, मी त्या कापून टाकल्या. तिचा काही दोष नाही."

त्यांनी माझं ऐकून घेतलं. "बाई, घरात कोणी काय कापलं ते मी कुठे बघत बसू? माझी माणसं अंगात घालणार ते हिच्या भरवशावर." मग मुंगीला म्हणाले, "त्या बारा अंगरख्यांचं आता राहू दे." नगारा वाजला आणि ते गेले. वर्षभर सराव केलेला डॉक्टर नुसत्या गादीच्या बंडीवर दोराबाहेर उभा राहिला. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

तंबूत येऊन मुंगीने अंगरखा उलटा करून टेबलावर पसरला.

"किती दोरे काढलेस?"

"चार असतील. पाचही असतील."

"कुठे कुठे?"

"एक काखेत. एक पाठीवर... मुंगे, मी बघितलंच नाही गं. नुसती कापत गेले."

"आठव ना, आई." तिने अंगरखा माझ्याकडे सरकवला. "आठव."

मी डोळे मिटून घेतले. तेलाचा वास आठवला, फडक्याचा रंगसुद्धा आठवला. दोरे मात्र काही केल्या दिसेनात.

"तू खालच्या काठापासून सुरू कर," शेवटी ती म्हणाली. "मी गळ्यापासून येते. प्रत्येक कडी नखाने उचकटून बघायची. एकही सोडायची नाही."

"आता कशासाठी पण? ते तर घेणार नाहीत."

"उद्या दुसऱ्या कोणी अंगात घातला तर?"

मैदानावर आरोळ्या उठल्या, टाळ्या झाल्या, लोक पांगायला लागले. आम्ही मान वर केली नाही. माझ्या अंगठ्याचं नख मुळापर्यंत तुटलं तेव्हा सातव्या ओळीत एक कडी हलली. मुंगीने ती माझ्या हातून घेतली, रिव्हेट बसवलं, दाबलं आणि पुन्हा आपल्या बाजूला वळली. ऑफिसच्या फोनचं मी विचारलं नाही, तिने काढलं नाही. मी आठव्या ओळीची पहिली कडी दुसऱ्या अंगठ्याच्या नखावर घेतली.