आतोबांचे तिरके ऑक्सिजन

रेणूंवर आमच्या आतोबांइतकी माया करणारा माणूस उभ्या ग्वाल्हेर संस्थानात दुसरा नव्हता. इतर संस्थानांबद्दल मला माहिती नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. सख्ख्या भाच्यांची नावं त्यांना आठवत नसत, पण कुठला रेणू ध्रुवीय आणि कुठला नाही, हे ते झोपेतही सांगत. "सांगतात ना," आत्या म्हणे, "मीच ऐकते."

ध्रुवीय रेणूचं एक टोक किंचित धन असतं, दुसरं किंचित ऋण. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा पाण्याच्या बारीक धारेजवळ नेला की धार त्याच्याकडे झुकते, कारण पाणी ध्रुवीय. घासलेट झुकत नाही. हे ते कुणालाही, कुठेही दाखवत. त्यांना स्वतःला टक्कल असल्यामुळे केस दुसऱ्याचे लागत, आणि आपल्या लोकांत बिनतेलाचं डोकं मिळणं कठीण. एकदा पाटणकर बाजारात त्यांनी तेलवाल्याच्याच डोक्यावर कंगवा घासला. तो शांतपणे म्हणाला, "मास्टरसाहब, तेल लेना है या इम्तहान?" आतोबांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "पहले इम्तहान."

त्यांची एकुलती एक मुलगी कुसुम. घरात त्यांचं बोलणं मन लावून ऐकणारी आणि मधेच "बाबा, चुकलं" म्हणणारी ती एकटीच. तिला बघायला उज्जैनहून मंडळी आली, तेव्हा आत्यानं आतोबांना बजावलं होतं, "आज एक अक्षर रेणूंबद्दल बोलायचं नाही." आतोबांनी चहा येईपर्यंत वचन पाळलं. मग त्यांनी मुलाला विचारलं, "कार्बन डायऑक्साइड ध्रुवीय की अध्रुवीय?"

मुलगा वकील होता. अंदाजानं म्हणाला, "ध्रुवीय असावा. ऑक्सिजनची ओढ जास्त असते असं शाळेत शिकलोय."

"अर्धं बरोबर!" आतोबा उठलेच. "आधी ओढ बघायची, मग आकार. आकाराशिवाय निकाल देता? वकील आहात ना?"

त्यांनी मुलाच्या कमरेला दोन उपरणी बांधली. एकाचं टोक माझ्या वडिलांच्या हातात दिलं, दुसऱ्याचं काकांच्या. मुलगा झाला कार्बन, हे दोघे ऑक्सिजन. "ओढा!" मुलगा हलायला नको होता. तो गेला सरळ पुढे आणि चिवड्याच्या ताटात पाय देऊन थांबला.

मुलाचे वडील ताडकन उभे राहिले. "हा काय तमाशा लावलाय, साहेब? आम्ही मुलगी बघायला आलोय!" आत्यानं डोळ्याला पदर लावला. स्थळ गेलं, हे सगळ्यांना कळलं होतं.

तेवढ्यात दाराआडून बघणारी कुसुम म्हणाली, "बाबा, तुमचे ऑक्सिजन तिरके उभे आहेत. असा वाकडा रेणू पाण्याचा असतो. हे पाणी झालं."

आतोबांनी वाकून बघितलं. "खरंच की." मग माझे वडील आणि काका समोरासमोर, एका रेषेत उभे राहिले. "ओढा!" या वेळी मुलगा जागचा तसूभर हलला नाही. दोन्ही ओढी सारख्या, उलट्या. एकमेकींना मारून मोकळ्या. रेणू अध्रुवीय.

मुलगा उपरणी सोडत म्हणाला, "समजलं. पण मधल्याची कंबर दुखते, हे पुस्तकात दिलंय का?"

आतोबांनी सुटलेल्या उपरण्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "नाही. ते नाही दिलेलं."

दाराआड कुसुम खुदकन हसली. मुलगा वडिलांकडे वळला. "बाबा, बसा ना जरा. मला ही मुलगी पसंत आहे." "अरे, तू तिला पाहिलीसुद्धा नाहीस!" "ऐकली ना."

लग्न थाटात झालं. कुसुम उज्जैनला गेली.

त्यानंतरच्या थंडीत आम्ही आतोबांकडे जेवायला गेलो होतो. आतोबांनी पाटी घेतली आणि अमोनिया समजावू लागले. अमोनियाचा रेणू तिपाईसारखा असतो: वर नायट्रोजन, खाली तीन हायड्रोजनचे पाय, म्हणूनच तो ध्रुवीय. हे त्यांनी मला पूर्वी इतक्यांदा सांगितलं होतं की मलासुद्धा पाठ होतं. त्या दिवशी त्यांनी तो पोळीसारखा सपाट काढला, शांतपणे "अध्रुवीय" म्हणाले आणि खडू हातात धरून आमच्या तोंडांकडे बघत थांबले.

"वा," काका म्हणाले. माझ्या वडिलांनी मान डोलावली. मला वाटलं, मोठ्यांपुढे कशाला बोला.

आतोबांनी एकदा आतल्या दाराकडे बघितलं. मग धोतराच्या सोग्यानं पाटी पुसून म्हणाले, "चला, पानं वाढलीत."