अस्तराला चिकटलेला शब्द

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. एक तर ते शिंपी होते, आणि दुसरं म्हणजे दर बुधवारी दुपारी मशीन झाकून ते दुकानातच कुरआनचा अर्थ शिकवायचे. आठ-दहा माणसं यायची. जागा पुरेना झाली की कुणीतरी कापडाच्या गठ्ठ्यावर बसायचं आणि मास्तर ओरडायचे, "अहो, ते सुटाचं कापड आहे!"

त्यांच्याकडे एक जाड वही होती. त्यांच्या गुरूंनी, उस्तादांनी शिकवलेले अर्थ त्यांनी तिच्यात तरुणपणी सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतले होते. माणूस 'अलक'पासून घडवला, असं कुरआनच्या एका आयतीत, म्हणजे वचनात येतं. त्या शब्दापुढे वहीत लिहिलं होतं, 'रक्ताची गुठळी'. तीस वर्षं मास्तरांनी तेच शिकवलं.

त्यांची मुलगी सोनोग्राफीची डॉक्टर. धाकट्या सुनेला दिवस गेले, तेव्हा नणंदेनेच तिची तपासणी केली. मास्तर बाहेरच्या बाकावर ताटकळत बसले होते. तपासणी झाल्यावर मुलीने त्यांना आत बोलावलं आणि पडद्यावरचं चित्रण लावलं.

"दिसतंय का अब्बा? हे लुकलुकतंय ना, ते हृदय."

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. शेंगदाण्याएवढा जीव आणि त्यात ती इवलीशी धडधड. सून लाजून हसत होती. मास्तर पडद्याजवळ सरकले. मग त्यांनी विचारलं, "आणि गुठळी कुठाय?"

"कसली गुठळी?"

"रक्ताची. आधी गुठळी असते ना?"

"गुठळी नसतेच, अब्बा. अगदी सुरुवातीला इवलासा गोळा असतो. तो गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला जाऊन चिकटतो आणि तिथेच वाढतो."

"अस्तराला?" मास्तर पुटपुटले. अस्तर त्यांना चांगलंच कळत होतं.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून अरबीचा जुना शब्दकोश काढला. धूळ झटकून पान शोधलं. 'अलक' : चिकटून राहणं, लटकणं, जळू, गोठलेलं रक्त. सगळे अर्थ एका रांगेत, शेकडो वर्षांपासून तिथेच बसलेले.

"इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्ही शिवलेले कपडे लोक आणतातच ना परत, ढिले-घट्ट करायला?" ती म्हणाली. "तेव्हा कुठे तोंड पाडून बसता? चहा घ्या."

बुधवारी त्यांनी वर्गात सगळं सांगितलं. कोपऱ्यावरचा औषधवाला उठूनच उभा राहिला. "मास्तर, मग हा पुरावाच झाला की! फलक लावू या. विज्ञानाने आज शोधलं ते आमच्या ग्रंथात आधीच होतं!"

सगळे खूश झाले. मास्तरही झाले, खोटं कशाला बोला. पण त्यांनी आधी मुलीला बोलावून घेतलं.

ती दवाखान्यातून तशीच आली, गठ्ठ्यावर बसली, आणि ह्या वेळी कुणी ओरडलं नाही. "काका," ती औषधवाल्याला म्हणाली, "मी शिकले त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, त्यात कितीतरी गोष्टी बदलल्यात. आयत माझ्या मशीनला बांधलीत आणि उद्या मशीन सुधारलं, तर काय कराल? आयत बदलाल?"

औषधवाला गडबडला. "मग विज्ञानाचा उपयोग तरी काय?"

उत्तर मास्तरांनी दिलं. "अंगाला कपडा टोचला की आपण शिवण उसवतो, कापड फाडत नाही. आयत कापड आहे. अर्थ आपण माणसांनी घातलेली शिवण. हिने मला कुठे टोचतंय ते दाखवलं, एवढंच. मी नवी टीप घालतो. उद्या तीही कुणी उसवली तरी माझी ना नाही."

त्यांनी वही उघडली. 'गुठळी' खोडली नाही. बाजूला उस्तादांचं नाव घातलं. खाली लिहिलं, 'चिकटून राहिलेलं', आणि त्यापुढे मुलीचं नाव. ती पाहतच राहिली. उस्तादांच्या खाली आपलं नाव! तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

तेव्हापासून महिन्यातला एक बुधवार तिचा झाला. गर्दी इतकी वाढली, की मास्तरांनी कापडाचे गठ्ठे घरी हलवले. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या दूधवाल्या आजींनी विचारलं, "पोरी, ते हृदय पहिल्यांदा धडधडतं, ते का गं? त्याला कोण सांगतं, हो सुरू म्हणून?"

तिने पेशी, विजेचे हलके झटके असं बरंच सांगितलं. आजी डोळे मिचकावत ऐकत राहिल्या. "ते कसं झालं. मी विचारलं, का?"

"ते मला नाही माहीत, आजी."

सगळे मास्तरांकडे वळले.

"माझ्याकडे काय बघता?" मास्तर म्हणाले. "विचार करा, एवढंच तर कुरआनात सांगितलंय आपल्याला!" आणि दुकान हसण्याने दणाणून गेलं.

नातीच्या जन्मानंतर मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन दिवस दुकान बंद ठेवलं. एका नवरदेवाचा कोट अर्धाच राहिला होता. तो तणतणत घरी आला, पेढा खाऊन, बाळाला पाहून, बिनबाह्यांचा कोट हातात घेऊन हसत परत गेला.