वाळत्या बोंबलांखालचा संपादक

"मंत्री गेले," असा बोईसरहून फोन आला तेव्हा मी चक्क विचारलं, "कुठले?" माझ्यासाठी तो भास्करच होता... ज्याच्याबरोबर तरुणपणभर साप्ताहिक काढलं तो. कट्टर कम्युनिस्ट, आणि त्याहून कट्टर संपादक.

त्याची एक खोड होती. अंक छापायला जाण्याआधी मुख्य बातमी घेऊन तो किनाऱ्यावरच्या दांडी गावाला जायचा आणि बोंबील वाळवायच्या बांबूंखाली बायकांना वाचून दाखवायचा. त्या हातातलं काम न थांबवता ऐकायच्या आणि त्याची पिसं काढायच्या. त्यांच्यातली सगळ्यांत तिखट हिरामावशी. "भास्कर, ता खोटा हाय. पानी काला नाय, तांबडा व्हता," असं ती म्हणाली की तो मुकाट्याने खोडायचा. कारखान्यांच्या सांडपाण्यावरची त्याची प्रत्येक बातमी या बायकांच्या हाताखालून गेली. अंकाला उशीर व्हायचा आणि मी वैतागायचे.

पुढे तो निवडून आला, आघाडीच्या सरकारात मंत्री झाला. त्याच वर्षी किनाऱ्याला मेलेली मासळी लागली आणि खात्याने लिहून दिलेलं निवेदन त्याने सभागृहात वाचलं: पाण्यात दोष आढळला नाही. मी फोनवर वाट्टेल ते बोलले.

"राजीनामा दिला तर सरकार पडतं," तो म्हणाला, "आणि जे येतील ते दांडीकडे बघणारही नाहीत. कोंडलोय गं मी..."

त्या रविवारी तो तेच निवेदन घेऊन दांडीला आला; मीही तिथे होते. पोलिसांच्या गराड्यात, बांबूंखाली उभं राहून त्याने ते अख्खं वाचलं आणि थांबला. त्याला शिव्या हव्या होत्या. त्या खाऊनच त्याला राजीनाम्याचं बळ आलं असतं, हे मला कळत होतं. कुणीच बोललं नाही. बायका मासळी उलटत राहिल्या. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "यांनी मला सोडलं."

नंतर तो खुर्चीला चिकटला, असं लोक म्हणत. मी म्हणेन, अडकला. सरकारी बंगल्यातच हृदयविकाराने गेला. मला त्याचा राग येतो, अजूनही, आणि रडूही येतं.

काल हा लेख मी दांडीला नेऊन वाचला. "कुणीच बोललं नाही" इथे हिरामावशीने मला अडवलं.

"थांब. पुढं लिव. पोलीस व्हते ना! परक्यांसमोर आपल्या मानसाला कसा बोलनार? एकटा येल तवा झोडू, असा ठरवलेला आमी."

"मग?"

"मंग काय... वाट बगितली."