मोकळी फिरलेली गिरणी

"बसाय येळ कुणाला हाय?" असं म्हणत गिरणीवाल्या मावशी समोर सरकवलेला पाट पायानंच बाजूला सारायच्या. हळदीकुंकू असो की बारसं, परंड्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना मांडी घालून बसलेलं कुणी पाहिलं नसेल. चौकटीला टेकून उभ्याउभ्याच कुंकू लावून घ्यायचं, वाण पदरात टाकायचं आणि निघायचं. बायका म्हणायच्या, गिरणी काय घेतली, मावशींना जमिनीवर बसायचा कमीपणा वाटायला लागला.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, मोठ्या आवाजाची, कुणालाच न मानणारी. गिरणीवाल्या मावशींचा आवाज पट्ट्याच्या घरघरीवर चढवून चढवून तसा झाला होता. गिरणी बंद असली तरी "बाई, ज्वारी जाड काढू का बारीक?" हे मी शिकवते त्या शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू यायचं. भुवयांवर कायम पीठ. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखादी चक्कर. पोती त्या एकट्याच उचलायच्या. उचलून झालं की मात्र भिंतीकडं तोंड करून क्षणभर थांबायच्या, एक हात ओटीपोटाखाली दाबून. मी समोरच राहायचे, त्यामुळं ते मला दिसायचं. विचारलं तर म्हणायच्या, "काय न्हाय, वाताचं हाय."

लेक बाळंतपणाला आली. मुलगा झाला, मावशींनी गल्लीभर पेढे वाटले, तेही उभ्यानंच.

बाळ महिन्याचंही झालं नव्हतं, तेवढ्यात येडशीहून विहीणबाई आल्या. मी बाळाला बघायला गेले होते; गिरणी घराच्या पुढच्या खोलीतच होती, तिथंच आम्ही बसलो होतो. ज्वारीची काढणी आली होती, माणूस मिळत नव्हतं, सून हवी होती. विहीणबाई काही वाईट नव्हत्या. सरळ बोलल्या, "आमी न्हाय का गेलो? ओल्या अंगानं भारे उचललेत म्या."

लेक चहा टाकायला उठली आणि तिनं पाण्यानं भरलेली घागर कमरेवर घेतली.

"ठेव ती खाली."

मावशींचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. लेकीनं घागर ठेवली. बाहेर दळणासाठी दोघं-तिघं थांबले होते. मावशींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग विहिणीकडं. आणि जाऊन गिरणीचं बटण दाबलं. आत दाणा नव्हता. मोकळी गिरणी फिरवली की दगड झिजतो म्हणून गिऱ्हाइकांवर ओरडणारी ही बाई, तिनंच ती फिरवली. त्या घरघरीत त्या विहिणीच्या कानाशी वाकल्या. मी बाळ घेऊन शेजारीच बसले होते.

"माझं अंग बाहेर येतं. हिच्या येळंला आठ दिवसांत पोती उचलली म्या, तवापासनं. फडकं बांधून हिंडते. बसलं की जास्ती येतं. मालक घरी आले की उंदराचं निमित्त करून गिरणीत निजते. कुणाला सांगितलं न्हाय. माझ्या पोरीचं असं होऊ द्यायची न्हाय मी."

मान खाली होती. पीठ लागलेल्या गालांवरून पाणी आलं आणि तिथं चिकट रेघा उमटल्या. लेक आमच्या मागंच भिंतीला टेकून उभी होती. आईचं हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

विहीणबाईंचे ओठ हलले. मावशींना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी बटण बंद केलं. पट्टा थांबता थांबता शेवटचे दोन शब्द त्या शांततेत पडले.

"...माझंबी तसंच."

मग दोघीही माझ्याकडं बघेनात.

सून काढणीला गेली नाही. त्याच आठवड्यात मी दोघी विहिणींना बार्शीला दवाखान्यात घेऊन गेले. स्त्री डॉक्टर पाहिजे, एवढी एकच अट मावशींनी घातली होती. तपासताना त्यांनी पदर पूर्ण तोंडावर ओढला.

"किती वर्षं आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पोरगी झाल्यापासनं."

"पोरगी केवढी आहे?"

"ती आता बाळंतीण हाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग तेच उचलून कागदावर चित्र काढून दाखवलं. उलट्या पेरूसारखं गर्भाशय, त्याला जागेवर धरून ठेवणारे स्नायू आणि बंध. बाळंतपणात ते सैल होतात, त्यांना सावरायला वेळ लागतो, आणि त्या दिवसांत जड उचललं की गर्भाशय हळूहळू खाली सरकू शकतं. विहीणबाईंचं कमी होतं, त्यांना आत आधाराला रिंग बसवता येणार होती. मावशींना ऑपरेशनच लागणार होतं.

"पुष्कळ बायकांना होतं हे. यात लाजण्यासारखं काही नाही."

"वाटती हो लाज," मावशी पदराआडून म्हणाल्या. "काय करू?"

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डात त्यांनी माझा हात धरून एकच मागणं केलं. "बाई, गल्लीत कुणी इचारलं तर हर्निया म्हणून सांगा."

मी तसंच सांगितलं. ओझं उचलायची मनाई झाली, म्हणून गिरणी दुसऱ्याला दिली. नवऱ्याला नळदुर्गच्या एका धाब्यावर कायमचं काम मिळालं आणि दोघं तिकडं राहायला गेले. नवीन गिरणीवाला दळण बरं देतो, पण बोलत नाही.

त्या गेल्यावर काही दिवसांनी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई दार लोटून आत आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. उठता उठता, पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "मावशींचं ते हर्निया... खाली वढल्यावाणी व्हायचं का हो त्यांना?"

"व्हय," मी म्हणाले.

शनिवारी माझी शाळा सकाळची असते, दुपारी बार्शीला जाता येईल, असं मी त्यांना सांगितलं.